देवांखालची पेन्शन

आमच्या गल्लीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. याचा अभिमान घरच्यांना होता आणि उपयोग सगळ्या गल्लीला. इचलकरंजीला संध्याकाळी यंत्रमागाची पाळी सुटली की कुणी ना कुणी कागद घेऊन आमच्या दारात उभं असायचं. रेशनकार्ड, गॅस, शिष्यवृत्ती, बँकेचं खातं. "ठेव हितं, पोरगी भरंल की," असं म्हणून बाबा तो कागद ठेवून घ्यायचे. मला त्यातलं काय कळतं हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एकदा शेजारच्या काकूंच्या अर्जात नात्याच्या रकान्यात मी त्यांच्या सासूबाईंना 'मुलगी' करून टाकलं. कार्ड तसंच छापून आलं. सासूबाई खूश झाल्या. काकूंनी मात्र माझ्याशी वर्षभर अबोला धरला. तरी पुढचा अर्ज घेऊन त्या माझ्याकडेच आल्या. दुसरं होतं कोण?

"माहीत नाही" हे शब्द तोंडातून न काढण्याची सवय मला अशी लागली. तीच सवय बॅगेत घालून मी युट्रेख्टला शिकायला आले.

युट्रेख्टला विद्यापीठात प्रवेश मिळतो, खोली मिळत नाही. मला मिळाली ती एका मराठी जोडप्याच्या घरातली माळ्यावरची खोली. छत इतकं उतरतं की पलंगावर उठून बसताना रोज एकदा तरी डोकं आपटायचं. घरातले काका आइंडहोव्हनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर. काकू गावातल्या औषधांच्या दुकानात. पहिल्याच दिवशी चहा पिताना काकांनी विचारलं, "काय शिकतेस?"

"अर्थशास्त्र."

काकांनी कप खाली ठेवला. "म्हणजे टॅक्सचं कळत असेल."

मी म्हटलं, "हो, म्हणजे... हो."

खरं सांगायचं तर आमच्या अर्थशास्त्रात कर भरणारा माणूस ही आलेखावरची एक रेघ असते. तिला घर नसतं, सासरा नसतो, बायको नसते. पण काका म्हणाले, "मग असं करू. भाडं अर्धं. उरलेल्या अर्ध्यात तू आमचे सगळे कागद बघायचेस. आम्हाला डच येत नाही असं नाही, पण कागदावरचं डच बघितलं की मला झोप येते." माझी शिष्यवृत्ती आणि बाबांनी पाठवलेलं मिळून अर्धं भाडंच जेमतेम बसत होतं. पूर्ण भाडं म्हणजे परतीचं तिकीट. म्हणून मी पुन्हा एकदा "हो" म्हटलं.

त्या घराचा कागदांचा एक रिवाज होता. टपालाने आलेलं कुठल्याही कचेरीचं पाकीट आधी देवघरात जायचं. देवघर म्हणजे पुस्तकांच्या कपाटाचा मधला कप्पा. "आधी त्याला वाचू दे," असं म्हणून काका पाकीट गणपतीपुढे ठेवायचे आणि गुरुवारी उघडायचे. करखात्याची पाकिटं इथे निळी असतात. त्यांना काका घाबरायचे, म्हणून ती तरी नक्की उघडली जायची. बाकीच्या पाकिटांना निकड नसे. त्यांतला एखादा कागद चांगला जाड निघाला की दिवाळीला तो देवांखाली अंथरला जाई, दिव्याचं तेल टिपायला. जुना कागद काढायचा नाही. त्याच्यावरच नवा.

माझी पहिली दिवाळी झाली, डिसेंबर आला, आणि काकांच्या अंगात मार्च संचारला. भारतात नोकरी करत असताना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सगळं ऑफिस कर वाचवायला पॉलिसी घेत पळायचं, ती सवय त्यांच्या पायात तशीच होती. इथे तो आठवडा डिसेंबरात येतो, एवढाच फरक. वर्ष संपायला तीन दिवस असताना त्यांनी बँकेत म्हातारपणाचं खातं उघडलं. या खात्यात टाकलेले पैसे पेन्शनीच्या वयापर्यंत काढता येत नाहीत, पण त्या बदल्यात तेवढी रक्कम त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. काकांनी त्यात बोनसमधला मोठा तुकडा टाकला आणि रात्री जेवताना जाहीर केलं, "म्हातारपण पण झालं आणि टॅक्स पण परत."

काकू पोळीवर तूप लावत म्हणाल्या, "म्हातारपण तर तुमचं फुकटच येणार होतं."

फेब्रुवारीत काकूंचे वडील तीन महिन्यांसाठी आले. त्यांना मीही आबाच म्हणायचे. आबा साताऱ्याच्या कोषागारातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पेन्शनीच्या टेबलावर काढलेली. माणूस जिवंत आहे का, हे ते त्याच्याकडे न बघता फक्त त्याच्या कागदावरून सांगायचे, असं काकू म्हणायच्या. ते आले आणि महिन्याभरात सगळी दुनिया बंद झाली. विमानं थांबली. काका जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून बसले. माझे वर्ग माळ्यावर भरू लागले. काकूंचं दुकान तेवढं चालू राहिलं. त्या रोज वाऱ्याशी भांडत सायकलवरून जात आणि परत आल्यावर अर्धा तास कुणाशी बोलत नसत. जाताना मात्र आबांना दम देत: "घराबाहेर पाऊल नाही. आणि तळलेलं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

आबा म्हणत, "डॉक्टर साताऱ्यात आहे."

"मी इथे आहे," काकू म्हणत.

एप्रिलमध्ये मी काकांचं करविवरण भरायला बसले. काका शेजारी, त्यांच्या फोनवर लॉगिनचा कोड. सगळं ठीक चाललं होतं. मग म्हातारपणाच्या खात्याची पाळी आली. त्या पानावर हिशेब करून देणारा एक तक्ता होता आणि त्यात एक रकाना: कंपनीच्या पेन्शनीत आदल्या वर्षी तुमच्या नावावर किती भर पडली. आकडा पेन्शन संस्थेच्या वार्षिक पत्रात मिळेल, असं खाली लिहिलेलं.

"असं पत्र आलंय का काका?"

"काय की. शून्य टाक ना. ती कंपनीची पेन्शन, ती वेगळी. हे आपलं स्वतःचं आहे."

माझं बोट थांबलं. मला वाटलं, असं नसावं. मग वाटलं, असेलही. कंपनीत काम ते करतात, मी नाही. "माहीत नाही, बघून सांगते" एवढं म्हणायचं होतं. काकांनी विचारलं, "बरोबर ना?" आणि मी म्हटलं, "हो."

शून्य लिहिलं. तक्त्याने मोठ्या मनाने सांगितलं की काकांनी टाकलेली सगळीच्या सगळी रक्कम वजा होईल. शेवटच्या पानावर परत मिळणारा आकडा आला, तो बघून काकांनी टेबलावर तबला वाजवला. मे महिन्यात निळं पाकीट आलं, गणपतीने वाचलं, गुरुवारी उघडलं, पैसे जमा झाले. त्याच दिवशी काकांनी काकूंसाठी बॅटरीवर चालणारी सायकल मागवली.

ती सायकल आली तेव्हा काकू तिच्यावरून आधी गल्लीतून एक चक्कर मारून आल्या, मग दुसरी, मग तिसरी. घंटी उगाचच वाजवत होत्या. उतरल्या तेव्हा केस विस्कटलेले आणि चेहरा शाळेतल्या मुलीसारखा. "नऊ वर्षांत पहिल्यांदा वारा मागून आला," त्या म्हणाल्या. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "हिच्यामुळे." काकूंनी त्या दिवशी मला दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या.

त्याच्या पुढच्या आठवड्यात आबांच्या हातून देवघरात तेल सांडलं.

काकू कामावर, काका मीटिंगमध्ये. आबांनी मला खुणेने बोलावलं. आम्ही देव एकेक करून ताटात काढले आणि तेलात भिजलेला कागद ओढला. मी तो टाकायला निघाले, तर आबांनी मनगट धरलं.

"थांब. हा पेन्शनीचा कागद आहे."

"तुम्हाला डच येतं, आबा?"

"डच कशाला यायला पाहिजे? डावीकडे माणसाचं नाव, उजवीकडे जन्मतारीख, मधे रकाने, आणि खाली बारीक अक्षरात 'आमची जबाबदारी नाही'. जगातल्या सगळ्या पेन्शनींचा चेहरा एकच असतो."

मी कागद खिडकीशी धरला. तेलामुळे तो आरपार दिसत होता. दिव्याच्या गोल डागाच्या बरोब्बर मधोमध तो आकडा होता, जो मी शून्य म्हणून लिहिला होता. तो शून्य नव्हता. शून्याच्या जवळपासही नव्हता.

आबांनी काय झालं म्हणून विचारलं आणि तक्त्याखालची टीप आठवत मी अडखळत सांगितलं: म्हातारपणासाठी स्वतःच्या खात्यात किती टाकून कर वाचवायचा याला इथे मर्यादा आहे. ती पगारावर ठरते, पण कंपनी आधीच तुमच्यासाठी जेवढी पेन्शन साठवते, त्या मानाने ती मर्यादा कमी होते. काकांची कंपनी चांगली आहे, भरपूर साठवते. म्हणून काकांना स्वतःसाठी जागा अगदी थोडी उरते. त्यांनी टाकलेत खूप.

मी अर्ध्यावर होते तेवढ्यात आबांना कळलं. "म्हणजे पंगतीत बसलाय. कंपनी ताटात वाढतेय. आणि आमचे जावई उठून स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आले."

"हो. आणि सरकारला मी सांगितलं की ताट रिकामं आहे."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. चाळीस वर्षं लोकांच्या चुका पकडलेल्या माणसाच्या डोळ्यांत फार दिवसांनी चमक आली होती. मला वाटलं ते आता काकांना हाक मारतील. त्याऐवजी त्यांनी कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला आणि हळूच विचारलं, "बाजारात तो तळलेला मासा मिळतो म्हणे. कागदी द्रोणात. काय म्हणतात त्याला?"

"किबेलिंग," मी म्हटलं.

"लांब आहे का?"

अशा रीतीने मी एका निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याच्या तावडीत सापडले.

दर शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, काकू सायकलवरून वळणापलीकडे गेल्या आणि काकांनी कानाला हेडफोन लावले की आम्ही मागच्या दाराने निघायचो. काकूंनी शिवलेले कापडी मास्क आम्ही दोघांनी लावलेले. सगळ्या बाजारात मास्क लावलेले आम्ही दोघंच. चोरून निघालेली माणसं म्हणून गावात सगळ्यांत उठून दिसणारी. माशाच्या गाडीपुढे दीड-दीड मीटरवर जमिनीला पट्ट्या मारल्या होत्या. आबा आपल्या पट्टीवर कोषागाराच्या खिडकीसमोर उभं राहावं तसे शिस्तीत उभे राहायचे. मग कालव्याच्या कठड्याला टेकून, मास्क हनुवटीवर ओढून, सावकाश खायचे. पहिला तुकडा तोंडात गेला की डोळे मिटत.

"आबा, मी काकांना सांगून टाकू का?"

"सांग ना."

"पण मग खोली जाईल. कागद बघण्याचंच तर अर्धं भाडं माफ आहे. आणि काकूंची सायकलसुद्धा परत जाईल."

"मग नको सांगूस." ते दुसरा तुकडा उचलत. "तू सांगितलंस की मी पण इथे यायचा बंद होणार. मी का घाई करू?"

गुपचूप दुरुस्त करायचा विचार मी केला होता. विवरण पुन्हा भरून पाठवता येतं, पण लॉगिनचा कोड काकांच्या फोनवर यायचा. मी काकांच्या फोनभोवती इतकी घुटमळायचे की त्यांनी एकदा विचारलं, "चार्जर हवाय का?" माळ्यावर गेले की खोल्यांच्या जाहिराती बघायचे. प्रत्येक भाडं बघून पुन्हा छताला डोकं आपटायचं. खाली काकूंच्या सायकलची घंटी वाजली की फोन उशीखाली सरकवायचे.

तिसऱ्या शुक्रवारी आम्ही परत आलो तर दारात नवी सायकल उभी होती. काकू त्या दिवशी लवकर सुटल्या होत्या.

त्या पॅसेजमध्ये कमरेवर हात ठेवून उभ्या. काका मागे टेबलावर, मीटिंगमध्ये. काकूंनी हवेत एकदा वास घेतला.

"आबा, मास्क काढा."

"कशाला? नियम आहे."

"घरात नाही. काढा." आबांनी काढला. "मिशी इकडे करा."

आबांनी मिशी विरुद्ध दिशेला केली. काकूंनी ती नजर तिथून उचलली आणि माझ्यावर आणली. "आणि तू? तुला मी शहाणी समजत होते. तूपण यात आहेस? किती दिवस चाललंय हे?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी मासा नव्हताच. तीन आठवडे तिथे एकच गोष्ट होती.

"एप्रिलपासून," मी म्हणाले.

"एप्रिलपासून!"

"मी शून्य लिहायला नको होतं काकू. मला तेव्हाच शंका आली होती. मी भाडं पूर्ण देईन, म्हणजे कसं ते माहीत नाही, पण सायकल परत नका करू, तुमची काही चूक नाही..." आणि मी रडायलाच लागले.

आबांनी डोळे मिटून घेतले. "अगं बये," ते पुटपुटले, "ती माशाचं विचारतेय."

काकांनी हेडफोन काढले. आइंडहोव्हनच्या कुणालातरी "वन मिनिट" म्हणाले. ते मिनिट रात्री जेवणापर्यंत चाललं.

मी सगळं सांगितलं. आबांनी खिशातून तेलकट कागद काढून टेबलावर ठेवला. काकांनी तो वाचला, उलटा करून वाचला, आणि मग देवघराकडे बघितलं, जणू काही गणपतीने त्यांना आधी सांगायला हवं होतं. "पण शून्य टाक असं मीच म्हटलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले.

"तुम्ही म्हटलंत," काकू म्हणाल्या, "आणि तिने टाकलं. दोघं हुशार. आता परत किती द्यायचे?"

मी सांगितलं, जवळजवळ सगळेच.

"आणि त्या खात्यातले पैसे काढता येणार नाहीत."

"नाही."

"म्हणजे पैसे म्हातारपणापर्यंत अडकले आणि टॅक्स पण आज भरायचा." काका खुर्चीत मागे टेकले. सायकल बाहेर उभी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच न बघता बघत होते.

आबांनी घसा साफ केला. "मागल्या वर्षांचं काय? आमच्याकडे माणूस आला की पहिला प्रश्न तो. मागलं काही राहिलंय का?"

मला विवरणाचं ते पान आठवलं. त्या तक्त्याच्या खालीच दुसरा तक्ता होता, मी तो वाचला नव्हता: मागच्या काही वर्षांत न वापरलेली जागा. मी काकांना विचारलं, "तुमच्या आधीच्या कंपनीत पेन्शन होती?"

"पहिली तीन-चार वर्षं ती छोटी कंपनी होती ना, दहा माणसांची. कसली पेन्शन? ख्रिसमसला चॉकलेट द्यायचे."

"म्हणजे त्या वर्षांत तुमचं ताट खरंच रिकामं होतं," मी म्हणाले. "ती जागा आता काही प्रमाणात वापरता येते. पण त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचं पेन्शनीचं पत्र लागेल."

"ती कुठून आणणार आता?"

आबा उठले. देवघरापाशी गेले, देव पुन्हा ताटात काढले आणि खालचा कागद नखाने सोडवला. त्याच्याखाली दुसरा. त्याच्याखाली आणखी एक. दर दिवाळीचा एक, क्रमाने, तेलात मुरलेला. आबा एकेक उचलून उजेडात धरत होते आणि मला देत होते. "एवढी नीट फाइल," ते म्हणाले, "मी माझ्या नोकरीत बघितली नाही."

काकांच्या जुन्या पगाराच्या पावत्या लॅपटॉपमध्ये होत्या. आबा आकडे वाचत, मी लिहीत, काकू तपासत. काकांना फक्त फोनवर आलेला कोड सांगायचं काम दिलं होतं. एका ठिकाणी काकांनी विचारलं, "हे असंच असतं ना?" आणि मी तोंड उघडलं, ते बंद केलं, आणि म्हणाले, "माहीत नाही. बघते." बघायला वीस मिनिटं लागली. काकूंनी तेवढ्यात पिठलं टाकलं.

शेवटी बरीचशी वजावट टिकली. जी टिकली नाही तिचा कर काकांनी त्याच रात्री बाजूला काढून ठेवला, आणि नवं खातं बघून डिसेंबरात पळायचं नाही, असं काकूंसमोर कबूल केलं.

"सायकल?" मी विचारलं.

"सायकल कुठे जात नाही," काकू म्हणाल्या. "यांच्या म्हातारपणाला वेळ आहे. माझा वारा रोज आहे."

"आणि खोली?"

काकूंनी पळी खाली ठेवली. "खोलीचा काय संबंध? अर्धं भाडं आहे तेच. फक्त आजपासून टपाल आधी तू उघडायचंस. मग गणपती. मग हे." मग आबांकडे वळून म्हणाल्या, "आणि तुमचा मासा महिन्यातून एकदा. मी बरोबर येणार."

"तू बरोबर येणार असशील तर चव काय राहणार?" आबा म्हणाले.

देवांखाली मी सुपरमार्केटचं जाहिरातीचं पान अंथरलं. उन्हाळ्यात विमानं सुरू झाली तसे आबा साताऱ्याला गेले. जाताना तेलकट कागदांचा गठ्ठा त्यांनी स्वतः प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर पेनाने 'कायम जतन' असं लिहून दिला.

त्याच सुमारास बाबांचा फोन आला. लॉकडाउनमुळे माग बंद होते, पण प्रॉव्हिडंट फंडाचे काही पैसे काढता येतील असं कुणीतरी सांगितलं होतं. शेजारच्या काकू पण फॉर्म घेऊन बसल्या होत्या. "कसा भरायचा गं ह्यो? तुला म्हाईत आसंलच."

मी पलंगावर उठून बसले. डोकं छताला लागलं. "बाबा," मी म्हणाले, "मला माहीत नाही."

मग बाबांनी फोन जरा लांब धरून काकूंना ते सांगितल्याचं ऐकू आलं, आणि काकूंचं हसणंही.

"एवढं पैसं घालून," बाबा परत येऊन म्हणाले, "त्ये शिकायला गेलीस व्हय?"

"हो," मी म्हटलं. "फॉर्मचा फोटो पाठवा. विचारून सांगते." आणि फोन ठेवून साताऱ्याला आबांचा नंबर लावला.